‘किण्व’ या शब्दाचा अर्थ व उपयोग

मुरघास करण्याची रीत आमच्या मावळांत आतां वाडीवस्तीपर्यंत पोहोंचली आहे, आणि तिच्या पाठोपाठ नाना प्रकारच्या पुड्याही आल्या आहेत. मुरघास आंबतो, आंबण्यास शास्त्रांत किण्वन म्हणतात, तेव्हां किण्व घातलें असतां तो लवकर व चांगला होईल, असा तर्क कित्येक शेतकरी बंधु करतात. शब्दाच्या अंगानें पाहिलें तर तर्क बिनचूक आहे. चाऱ्याच्या खड्ड्यांत मात्र तो नुकसानीचा ठरतो.

‘किण्व’ हा शब्द नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं उडीद, तांदूळ आणि कांहीं वनस्पति घालून किण्व करण्याची कृति दिलेली आहे. त्या काळीं किण्व म्हणजे मद्य आंबविणारा गोळा. आंत कोणता जीव वावरतो हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पुढें परिभाषा करणारांनीं तोच शब्द यीस्टला लाविला. यीस्ट ही एकपेशी बुरशी होय. तिच्यांतील पाव व मद्य यांच्या कामीं येणाऱ्या जातीचें शास्त्रीय नांव सॅकॅरोमायसेस सेरेव्हिसी. म्हणजे बिअरमधील साखरबुरशी. यांतील ‘सॅकॅरो’ हा ग्रीक शब्द आपल्याच ‘शर्करा’शीं नातें सांगणारा आहे, परकें नांव म्हणून बिचकण्याचें कारण नाहीं.

अडचण अशी कीं, किण्वन हें एकट्या किण्वाचें काम नव्हे. दुधाचें दहीं जीवाणु करतात. इडलीचें पीठ फुगतें तेंही मुख्यतः जीवाणूंमुळेंच. मुरघासांत हवा कोंडली म्हणजे लॅक्टोबॅसिलस वर्गाचे जीवाणु चाऱ्यांतील साखरेचें लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या आम्लानें चारा टिकतो. यीस्ट तेथें चोर आहे. खड्डा उघडून हवा लागली कीं तें हें आम्लच खाऊं लागतें. चारा तापतो, आम्लता उतरते आणि मागून बुरशी धरते. लोणावळ्याकडे भर पावसांत वरचा कागद फाटला तर मग विचारावयासच नको. ज्या खड्ड्यास घट्ट दाबणी व हवाबंद आच्छादन पाहिजे, त्यांत पैसे मोजून किण्व घालणें म्हणजे कणगींत उंदीर सोडणें होय.

याच सॅकॅरोमायसेसचा उपयोग गाईच्या पोटांत मात्र होतो. जिवंत यीस्ट खुराकांतून दिलें असतां तें पहिल्या पोटांतील उरलासुरला प्राणवायु संपवितें आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जीवाणूंस हात देतें. त्यामुळें भारी खुराकावरील दुभत्या गाईचें पोट आंबण्याचा धोका कमी होतो. गुण सर्वत्र सारखा येत नाहीं, आणि भाताच्या पेंढ्यांतील उणीव ही पूड भरून काढीत नाहीं. मद्याच्या कारखान्यांतून वाळवून येणारें मृत यीस्ट आणखी निराळें. तें प्रथिनांचें खाद्य आहे, वरील काम त्याचें नव्हे.

महसुली दप्तरांत एका गांवीं एकाच नांवाचे तीन खातेदार असले तरी गट क्रमांक व हिस्सा पाहिला कीं शेत चुकत नाहीं. शास्त्रीय नांवाचें कामही तेंच. ‘यीस्ट’ हें गांव, सॅकॅरोमायसेस सेरेव्हिसी हा गट, आणि वाणाचा क्रमांक हा हिस्सा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीवसंग्रहांत असे वाण क्रमांकानेंच ओळखले जातात. नुसत्या ‘भात’ या शब्दावर मावळांतील कोण शेतकरी बियाणें घेईल? इंद्रायणी कीं आंबेमोहोर, हें तो आधीं विचारतो.

आमचें म्हणणें असें कीं, ‘किण्व’ हा शब्द केवळ यीस्टसाठीं राखावा, आणि चाऱ्याच्या पुडीस ‘मुरघासाचें विरजण’ म्हणावें. विरजण म्हटलें कीं घरांतील बायकामाणसांसही अर्थ समजतो. पुडीवर जीवाचें पूर्ण नांव, वाण, दर ग्रॅमांतील जिवंत पेशींची संख्या आणि मुदतीची तारीख हीं देवनागरींत छापलीं जावींत, अशी मागणी आपल्या संस्थेनें विक्रेत्यांकडे करावी. तोंवर खड्ड्यासाठीं पुडी घेतांना तीवर लॅक्टोबॅसिलस हें नांव आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि नसेल तर ती दुकानांतच ठेवून यावें.