उजव्या काळजाची माणसे

हृदय डावीकडे, यकृत उजवीकडे, अपेंडिक्स पोटाच्या उजव्या बाजूला खाली, हा शरीराचा नकाशा आपण शाळेतच पाठ केलेला असतो. साधारण दहा हजारांत एखाद्या माणसाचा नकाशा मात्र आरशात दिसावा तसा उलटा असतो. वैद्यकात याला ‘सायटस इन्व्हर्सस’ म्हणतात. मॅथ्यू बेली या ब्रिटिश डॉक्टरने १७८८ मध्येच त्याचे वर्णन करून ठेवले आहे.

हा शाप नव्हे, ग्रहण पाळले नाही म्हणून घडलेला प्रकारही नव्हे. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत केसासारख्या सूक्ष्म तंतूंच्या हालचालीने डावे-उजवे ठरते, तिथेच दिशा बदलते. सगळेच अवयव मिळून फिरलेले असल्याने त्यांची आपसातली जुळणी बिघडत नाही आणि बहुतेक माणसे ठणठणीत जगतात. काहींना मात्र सायनस आणि कफाचा जुनाट त्रास असतो, कारण श्वासमार्गातले तंतूही नीट हलत नाहीत. हा त्रास आणि उलटे अवयव एकत्र आढळतात, हे स्वित्झर्लंडच्या डॉ. कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये मांडले.

मग अडते कुठे? निदानात. अपेंडिक्सची कळ डावीकडे उठली, की मुतखडा किंवा गॅस म्हणून दिवस निघून जातो. अपेंडिक्स तेवढे थांबत नाही, ते फुटू शकते. पित्ताशयातले खडे डाव्या बरगडीखाली दुखू लागले, तर ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू होतात. ईसीजी उलटा आला, की हातांच्या वायरी बदलल्या असे वाटते. पण वायरींची चूक असेल, तर छातीवरचा आलेख नेहमीसारखाच येतो. हृदय उजवीकडे असेल, तर छातीवर डावीकडे सरकताना लाटा लहान होत जातात. एक्स-रेची फिल्मही ‘उलटी लागली’ म्हणून सरळ केली जाते, कोपऱ्यातले ‘एल’ किंवा ‘आर’ कोणी पाहतच नाही!

माझे स्पष्ट मत आहे, की इथे महागड्या यंत्रांपेक्षा जुनी शिस्त अधिक उपयोगी पडते. स्टेथोस्कोप छातीच्या दोन्ही बाजूंना लावावा, पोट दोन्हीकडे चाचपावे आणि मुख्य म्हणजे रुग्ण जिथे दुखते म्हणतो, तिथेच दुखते असे मानावे. एवढे केले, तर शंका तिथेच येते. पुढे सोनोग्राफी आहेच. निदान झाल्यावर शस्त्रक्रियाही अडत नाही, सर्जन आपली उभे राहण्याची जागा आणि उपकरणांची मांडणी बदलून घेतात.

दुसरी जबाबदारी घरच्यांची. मुलीचे लग्न जमणार नाही या धास्तीने अशा गोष्टी कपाटात दडवणारी घरे मी पाहिली आहेत. त्या भीतीला कसलाही आधार नाही, आणि लपवण्याची किंमत जिवावर बेतू शकते. मध्यरात्री बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणलेला माणूस स्वतःबद्दल काय सांगणार? तेव्हा घरात असे कोणी असेल, तर एका चिठ्ठीवर ‘हृदय उजवीकडे, सर्व अवयव उलट बाजूला’ असे ठळक लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. शाळेला कळवा, जुना एक्स-रे रद्दीत टाकू नका. आज रविवार आहे, घरात सगळे असतील; हे काम आजच उरकून टाका.