अवांतर बोलणें

शाळेंत तिकिटें जमविणाऱ्यांचें, पक्षी पाहणाऱ्यांचें किंवा बुद्धिबळें खेळणाऱ्यांचें एखादें मंडळ निघालें म्हणजे थोड्याच दिवसांत एक तक्रार कानीं येते. ती ही कीं, सभासद जमतात एका कामासाठीं आणि बोलतात भलतेंच. तिकिटांची वही उघडण्यापूर्वींच क्रिकेटचा सामना, परीक्षेचे गुण, कोणाच्या घरचें लग्न, असे विषय निघतात आणि वेळ संपून जातो. नमनालाच घडाभर तेल! यावर कांहीं वडील मंडळी म्हणतात कीं, अवांतर बोलणें अजिबात बंद करावें. हा उपाय योग्य आहे काय, याचा थोडा विचार करूं.

हा प्रश्न आजकालचा नव्हे. इ. स. १६४५ च्या सुमारास लंडन येथें कांहीं विद्वान गृहस्थ सृष्टिविज्ञानाच्या चर्चेसाठीं दर आठवड्यास जमत असत. त्यांपैकीं जॉन वॉलिस या गणितज्ञानें पुढें लिहून ठेविलें आहे कीं, धर्ममतें, राजकारण आणि शास्त्राशीं संबंध नसलेल्या बातम्या हे विषय त्या बैठकींत वर्ज्य होते. त्या काळीं इंग्लंडांत राजा व पार्लमेंट यांच्यामध्यें यादवी युद्ध चाललें होतें. अशा वेळीं हा नियम नसता, तर ती बैठक फार दिवस टिकली असती असें वाटत नाहीं. अशाच मंडळींतून १६६० सालीं रॉयल सोसायटी उदयास आली. नियम होता तो स्नेह राखण्यासाठीं; बोलण्याचा तिटकारा म्हणून नव्हे.

आतां दुसरी बाजू पाहूं. १९०८ सालीं मुंबईंतील एक शाळकरी मुलगा स्वतः बंदुकीनें मारलेली एक चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरींत गेला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणत्या जातीची, एवढेंच त्याला विचारावयाचें होतें. संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांना उत्तर देऊन त्यास परत पाठवितां आलें असतें. परंतु त्यांनीं संस्थेंतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह त्या मुलाला दाखविला. तो मुलगा म्हणजे पुढें विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली. विचारलें तेवढेंच बोलावयाचें, असा मिलर्ड यांचा बाणा असता तर?

माझें मत असें आहे कीं, छंद हा माणसांना एकत्र आणतो. परंतु त्यांना एकत्र ठेवतें तें अवांतर बोलणें. एखादा सोबती दोन आठवडे आला नाहीं, त्याची आई आजारी आहे, हें तिकिटांच्या वहींतून कळत नाहीं. तें गप्पांतूनच कळतें, आणि कळल्यावर त्याच्या घरीं जाण्याची बुद्धि होते.

तथापि या गप्पांत एक दोष सहज शिरतो. जुने सभासद आपसांत रंगतात आणि नवा, लाजाळू मुलगा कोपऱ्यांत बसून राहतो. त्यानें दहा दिवस खपून लावलेली वही त्याच्या पिशवींतून बाहेरच निघत नाहीं. पुढच्या आठवड्यास तो येत नाहीं, आणि तो कां आला नाहीं हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. ही हानि वेळेच्या हानीपेक्षां मोठी आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आधीं काम आणि मग गप्पा, एवढा क्रम पाळा. कोणाची जात, धर्म किंवा गरिबी यांवर बोलून कोणाचें मन दुखवूं नका. नव्या सोबत्याला पहिल्यानें बोलूं द्या. आणि पालकांस विनंती अशी कीं, मूल बैठकीहून अर्धा तास उशिरां आलें तर रागावण्यापूर्वीं त्यास एक प्रश्न विचारावा: "आज कोणी आपली वही न उघडतांच परत गेला काय?" उत्तर 'नाहीं' असें आलें, तर तो अर्धा तास व्यर्थ गेला नाहीं असें खुशाल समजावें.