कुळी, अक्षता आणि चाळीस गुंठे

मराठे क्षत्रिय की शूद्र, या वादावरून वेदोक्त मंत्रांच्या प्रकरणाच्या काळात कोल्हापुरात केवढे रान पेटले होते हे आपण शाळेपासून ऐकत आलो. हाच वाद पुढे मद्रास उच्च न्यायालयातही लढला गेला. तिथे मंत्रांचा प्रश्न नव्हता, इस्टेटीचा होता. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी १८५५ साली औरस पुत्र नसताना वारले. मागे राण्या होत्या, आणि तलवारीशी लग्न लावून वाड्यात आणलेल्या बायकाही होत्या. खाजगी मालमत्ता राण्यांकडे आली. त्या गेल्यावर ती कुणाची, यावर पुढच्या पिढ्या भांडल्या. खटल्याचे नाव ‘कोल्हापूरचे महाराज विरुद्ध सुंदरम् अय्यर’. १९२४ साली निकाल लागला : तंजावरचे भोसले शूद्र.

इस्टेटीच्या भांडणात वर्ण कशाला काढायचा? कारण हिंदू कायद्यात सगळी मेख तिथेच होती. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्याच्या अनौरस मुलाला फक्त अन्नवस्त्र. शूद्राच्या दासीपुत्राला मात्र बापाच्या जमिनीत वाटा. याज्ञवल्क्याचा हा नियम कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसून विज्ञानेश्वराने मिताक्षरेत उलगडला आणि इंग्रजी कोर्टांनी तो तसाच उचलला. मग वकिलांची कसरत बघण्यासारखी असे. गादीवरचा भाऊ वंशावळ सूर्यवंशापर्यंत नेणार, आणि लेकावळ्या म्हणून पंगतीत वेगळा बसवलेला भाऊ कोर्टात सांगणार की आपण सगळे शूद्रच. बापाला खालचा ठरवल्याशिवाय मुलाला वाटा नव्हता.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणजे खानापूर, गुंजी, निपाणीच्या वाटण्यांना मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल लागू. मद्रासच्या निकालानंतर चारच वर्षांनी, १९२८ मध्ये, ‘सुबराव विरुद्ध राधा’ या खटल्यात त्या न्यायालयाने मराठ्यांचे तीन थर लावले : पाच कुळी, शहाण्णव कुळी आणि बाकीचे. पहिले दोन क्षत्रिय. ओळखायचे कसे? तर त्या लोकांची स्वतःची जाणीव काय, चालीरीती काय आणि इतर जाती त्यांना काय मानतात, यावरून. एकाच गल्लीत, एकाच देवीला नवस बोलणाऱ्या दोन घरांत अनौरस मुलाचे नशीब आडनावावर ठरू लागले. शहाण्णव कुळीची प्रतिष्ठा कशासाठी एवढी जपली जाते याची आपल्याकडे अनेक कारणे देतात. जमीन फुटू नये, हेही एक कारण त्यात धरायला हरकत नाही.

दासीपुत्राच्या या हक्काला मी सोन्याचा मुलामा देणार नाही. आई त्याच पुरुषापाशी कायम राहिलेली हवी, दुसऱ्याची नांदती बायको नको. मुलीला तर काहीच नाही. तरी वाटा होता, आणि तो कुणाच्या मेहरबानीवर नव्हता.

तो गेला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. वर्ण गेला हे उत्तमच झाले. पण या कायद्यात ‘नातेवाईक’ म्हणजे औरस नात्याचा. अनौरस मूल फक्त आईचे आणि आपल्या सख्ख्या भावंडांचे नातेवाईक. बाप दारात उभा असला तरी तो वारसापुरता परका. शूद्राच्या मुलाला वर उचलण्याऐवजी सगळ्यांनाच अन्नवस्त्रावर आणून बसवले, आणि तेही अज्ञान असेपर्यंत, मुलगी असेल तर लग्न होईपर्यंत. समतेचा हा प्रकार मला कधीच पटलेला नाही.

एक खिडकी उघडी ठेवली ती हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने. पहिली बायको हयात असताना दुसरी केली तर ते लग्न रद्द, पण त्यातली मुले औरस. १९७६ च्या दुरुस्तीने ही सवलत कोर्टाच्या हुकूमनाम्याविनाही मिळू लागली, मात्र फक्त आईबापांच्या मालमत्तेपुरती. वडिलार्जित जमिनीचे काय? त्यावर वर्षानुवर्षे उलटसुलट निकाल आले. कर्नाटकातून गेलेल्या ‘रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १ सप्टेंबर २०२३ रोजी ठरवले : बाप मरण्यापूर्वी क्षणभर वाटणी झाली असे धरायचे, त्यात बापाला जे मिळाले असते त्यात या मुलांचा वाटा. जन्माने मात्र ती सहदायाद, म्हणजे वडिलार्जित जमिनीची भागीदार, नाहीत.

आता हिशेब करू. गुंजीत एकाची नऊ एकर वडिलार्जित भातशेती आहे. दोन औरस मुलगे, आणि दुसऱ्या घरचा एक. पहिली बायको नवऱ्याच्या आधी गेली असे धरू. जुन्या कायद्यात, घर ‘शूद्र’ असेल तर, दासीपुत्राला औरस असता तर मिळाले असते त्याच्या निम्मे. औरस असता तर तीन एकर, म्हणून दीड एकर. साठ गुंठे. आजच्या कायद्यात बापाचा काल्पनिक वाटा तीन एकर, तो तिघांत वाटला की एक एकर. चाळीस गुंठे. नऊशे वर्षांपूर्वीच्या टीकेने ज्याला साठ गुंठे दिले त्याला संविधानाच्या राज्यात चाळीस! बापाने स्वतः कमावलेल्यात आता बरोबरीचा वाटा आहे, मुलीलाही आहे, कुठल्याही जातीत आहे, हे खरे. पण खानापूर तालुक्यात स्वकष्टार्जित जमीन कितीजणांकडे असते?

शिवाय हे चाळीस गुंठेही अक्षता पडल्या असतील तरच. लग्नच नाही लागले तर कलम १६ नाही, आणि बापाने मृत्युपत्र केले नसेल तर शून्य. म्हणून आज कोर्टात जात विचारत नाहीत, लग्नाचा फोटो विचारतात, भटजी विचारतात, पत्रिका विचारतात. विधवेला किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईला गुपचूप घरात ठेवणाऱ्या पुरुषाने फोटो कशाला काढावा? आणि जो गावासमोर हार घालण्याइतका तरी सरळ होता, त्याचीच जमीन फुटते. चोरून संसार करणाऱ्याला कायदा बक्षीस देतो. तलाठ्यापुढे वंशावळ करताना मोठ्या घरचे लोक दुसऱ्या घरचे नाव गाळतात. ते मूल कोणाचे हे पंचांपैकी प्रत्येकाला माहीत असते, सह्या मात्र होतात.

बाप कोण, एवढाच प्रश्न वारसाला पुरेसा असायला हवा. तो सिद्ध करायला आज डीएनए चाचणी आहे, शाळेचा दाखला आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायकांच्या मुलांसाठी कर्नाटक विधिमंडळाने २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला, त्यात बापाची ओळख पटवून हक्क मागण्याची वाट ठेवली आहे. मग देवाचे नाव मध्ये न घेता जन्मलेल्या मुलाने काय पाप केले?

संसदेची वाट बघण्याचीही गरज नाही. वारसाहक्क समवर्ती सूचीत आहे. मुलींना सहदायाद करण्याची दुरुस्ती कर्नाटकाने १९९४ मध्ये केली, केंद्राने ती केली २००५ मध्ये. उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३ मध्ये अनौरस मूल आईचे नातेवाईक मानावे असे म्हटले आहे, तिथे ‘आणि सिद्ध झालेल्या बापाचे’ एवढे शब्द घालायचे आहेत. हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरते. सीमाप्रश्नावरच्या घोषणा झाल्या की खानापूर, निपाणीच्या आमदारांनी एखाद्या दुपारी हे अशासकीय विधेयक मांडावे. मराठी-कन्नड भेद इथे नाही. दुसरे घर दोन्हीकडे असते.