साहेब, अंतरपाट खोळंबलाय

प्रति,
कर्जत-खालापूरचे सर्व आजी, माजी आणि भावी लोकप्रतिनिधी



यंदा, म्हणजे २०२६ साली, १ मे शुक्रवारी आला. महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच दिवशी, त्याला जोडून शनिवार-रविवार. शाळांना सुट्टी. त्यात १७ मेपासून अधिक ज्येष्ठ, म्हणून ज्याला त्याला त्याआधीच कार्य उरकायची घाई. घरटी चार-पाच पत्रिका! कडावला हळद, चौकला दुपारचं लग्न, नेरळला गोरज मुहूर्त, रविवारी खोपोली.

सुट्टीत इथे फिरणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. माथेरानला निघालेल्यांनी नेरळ भरलेलं, फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांनी चारफाटा तुंबलेला. खोपोली लोकल हुकली, की पुढचीची वाट बघत बसा. एवढं करून वऱ्हाडी वेळेवर मांडवात पोहोचतो. नवरानवरी पाटावर उभी, मधे अंतरपाट, भटजी घसा खाकरून तयार, अक्षता घामेजल्या मुठीत चिकटलेल्या. तेवढ्यात निवेदक सांगतो, "साहेब फाट्यावर आलेत, दहाच मिनिटं!"

दहाची चाळीस होतात. तुम्ही येता. फटाके, शाल-श्रीफळ, पदाधिकाऱ्यांची नावं. एखाद्याचं राहिलं तर तो रुसतो, म्हणून यादी पुन्हा पहिल्यापासून. मग मंगलाष्टकं पळत पळत उरकायची. तुम्ही पुढच्या मांडवात जाता, तिथेही तेच. एका मांडवातला उशीर संध्याकाळपर्यंत दोन्ही तालुक्यांत पसरतो आणि आमचं पुढचं लग्न हुकतं.

हळदीतही सुटका नाही. धवलारीण धवला गात असते, घरच्या बायका मागून सूर धरतात. तुमची गाडी दिसली की तिच्यापुढचा माईक उचलून निवेदकाच्या हातात जातो. धवला अर्ध्यावरच राहतो.

तुम्ही येऊ नये, असं कुणीच म्हणत नाही. तुम्ही खांद्यावर हात ठेवलात की मुलीच्या बापाला बरं वाटतं. पत्रिकेवर तुमचं नाव तोच हौसेने छापतो आणि लग्नही बहुतेक वेळा तोच थांबवून धरतो. त्याला नको म्हणायची सोय मांडवात दुसऱ्या कुणाला नाही, ती फक्त तुम्हाला आहे. म्हणून एवढंच करा. आदल्या दिवशी यजमानाला स्वतः फोन करून सांगा, "माझ्यासाठी मुहूर्त चुकवू नका." उशीर झालाच तर लग्न लागल्यावर या, जोडप्याला आशीर्वाद द्या, पंगतीत बसून दोन घास खा. सत्कार घेऊ नका, माईक मागू नका.

शाल कुणी दिली, भाषण काय झालं, हे जिलेबी वाढेपर्यंत सगळे विसरतात. पण साहेबांची वाट बघता बघता मधुमेहाची म्हातारी उपाशी ताटकळली, हे तिची मुलं-सुना मतदानापर्यंत विसरत नाहीत.

आपला,
दोन्ही तालुक्यांतला एक वऱ्हाडी