टाकीचा सुस्कारा

‘गॅसवर चालणारी गाडी घेतली’ असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा मिरजेच्या मामांनी पहिला प्रश्न विचारला, “सिलिंडर कुठे ठेवतोस रे?” तर मंडळी, अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात. आणि गाडी म्हणजे सेकंडहँड गोल्फ कार्ट!

गोल्फ मी जन्मात खेळलेलो नाही. पण आम्ही राहतो पीचट्री सिटीत, अटलांटापासून साधारण 50 किलोमीटरवर. या गावात मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, 100 मैलांहून जास्त लांबीच्या वाटा आहेत. त्यावरून लोक गोल्फ कार्टने फिरतात. दूध आणायला कार्ट, लायब्ररीला कार्ट, हायस्कूलची पोरंसुद्धा कार्टने शाळेत जातात. बॉस, ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हा स्वर्गच.

पण मी कार्ट घेतली ती आईसाठी. यंदा ती सहा महिन्यांसाठी आली. गुडघे बोलतात, लांब चालवत नाही, आणि आम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपसमोर. तिसऱ्या आठवड्यात ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “माझं तिकीट जरा अलीकडचं मिळेल का बघ.” पोटात गोळा आला. त्याच शनिवारी 2,200 डॉलर मोजून कार्ट दारात आणली.

पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी तळ्याजवळच्या चढावर गाडीने दम सोडला. पिकअप गायब, इंजिन मिसिंग करायला लागलं आणि शेवटी ठप्प. पंधरा मिनिटं थांबलो, पेडल दाबलं, तर काही झालंच नाही अशा थाटात सुरू! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई गप्प बसून होती. उतरताना एवढंच म्हणाली, “राहू दे रे. उगाच तुला त्रास.”

आता आपण पडलो इंजिनियर (सॉफ्टवेअरचे का असेना). रात्रभर वाचून काढलं. पहिला धडा चांगला मिळाला: ताकद कुठे हरवते ते आधी ठरवा. इंजिन जोरात ओरडतंय पण गाडी सरकत नाही, तर संशय पट्ट्यावर किंवा क्लचवर. उतारावरसुद्धा गाडी अडखळत असेल, तर ब्रेक चिकटलेत का बघा. आणि इंजिनचाच आवाज खाली बसत असेल, तर हवा, पेट्रोल, ठिणगी नाहीतर कॉम्प्रेशन, या चारांतलं काहीतरी बिघडलंय. शिवाय या कार्टला गव्हर्नर असतो. तो वेग साधारण 20-25 किलोमीटरवर अडवतो. त्यामुळे सपाटीवर ‘पळत नाही’ हा बिघाड नव्हे, तो तिचा स्वभाव.

आमचं इंजिनच दम सोडत होतं. इथपर्यंत मी हुशार होतो. मग माती खाल्ली. नीट तपासायच्या आधीच खरेदी सुरू केली! दोन प्लग बदलले (इंजिन दोन सिलिंडरचं), एअर फिल्टर बदलला, पेट्रोल फिल्टर बदलला. इथल्या पेट्रोलमध्ये सहसा 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा धरतो, म्हणून कार्बोरेटरही उघडून साफ केला. खिसा हलका, हात काळे, आणि तळ्याजवळचा चढ तसाच अजिंक्य.

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये आई चहा घेऊन आली. ही बाई वीस वर्षं मोपेडवरून शाळेत शिकवायला जायची, हे मी साफ विसरलो होतो.

“पेट्रोल पूर्ण भरलं की लवकर बंद पडते का रे?”

मी आठवलं. खरंच की! टाकी फुल्ल केली त्या दिवशी पाच मिनिटांत बसली होती.

“मग झाकण बघ. माझ्या मोपेडचं असंच व्हायचं. टाकीला श्वास घ्यायला भोक असतं, ते बुजलं की आत पोकळी होते आणि पेट्रोल खाली येत नाही. झाकण उघडलं की गाडी सुस्कारा टाकते.”

टाकीत पेट्रोल जास्त म्हणजे वर हवा कमी. म्हणून पोकळी लवकर तयार होणार. बिचारा पंप ओढून ओढून किती ओढणार? थोडा वेळ थांबलं की फटीफटीतून हवा शिरते, आणि गाडी पुन्हा शहाणी होते. लॉजिक चोख होतं. फक्त एक शंका उरली. इग्निशन कॉइल तापून बिघडली तरी गाडी अशीच बंद पडते आणि थंड झाली की चालते. मग दोघांतला चोर ओळखायचा कसा? सोपं आहे. बंद पडल्याबरोबर किल्ली बंद करायची, आसपास विडी-काडी नाही ना बघायचं, झाकण उघडून लावायचं आणि गार व्हायची वाट न बघता लगेच सुरू करायची. चालली तर झाकण दोषी, नाहीतर कॉइलकडे वळा.

दुसऱ्या दिवशी टाकी भरून आम्ही दोघं मुद्दाम चढावर गेलो. गाडी बसली. किल्ली बंद केली, झाकण फिरवलं... आणि हवा आत घेत टाकीने असा लांब सुस्कारा टाकला की आई खळखळून हसली. लगेच पेडल दाबलं, गाडी चढ चढून थेट वर!

नवं झाकण 12 डॉलरला आलं. आधीच्या ‘संशोधनाचा’ खर्च बायकोला अजून सांगितलेला नाही, तेव्हा हा अंक तिच्या हाती लागू देऊ नका.

आणि हो, दर मंगळवारी आईला आता लायब्ररीत जायचं असतं. तिकडे तिला एक गुजराती आणि एक तेलुगू मैत्रीण मिळालीय. अलीकडच्या तिकिटाचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही. मीही काढलेला नाही.