करारनामा हाती नाही, मग झोपडी रिकामी का करता?

मुंबईतल्या आपल्या कितीतरी वस्त्यांत एसआरएचे फलक लागले, झोपड्या गेल्या आणि माणसे भाड्याच्या खोलीत म्हातारी झाली. बिल्डर पळाला, असे आपण म्हणतो. पण तो नेमके कोणते वचन मोडून पळाला, हे दाखवायला आपल्याकडे कागदच नसतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत असते ती संमतीपत्राची झेरॉक्स, तीही अर्धवट भरलेली.

बंधू-भगिनींनो, संमतीपत्र म्हणजे करारनामा नव्हे. संमतीने बिल्डरला योजना मिळते. त्यासाठी पूर्वी 70 टक्के झोपडीधारक लागत, आता 51 टक्के पुरतात. आपल्याला काय मिळणार, हे ठरते वैयक्तिक करारनाम्यात. तो पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावा, असे विकास नियंत्रण नियमावलीच सांगते. तरी सह्या घेणारे गाठतात ते घरच्या पुरुषाला, नाक्यावर! इथे भगिनींनी अडून बसले पाहिजे. 300 चौरस फुटांचे घर किती महिन्यांत, भाडे किती व कोणत्या तारखेला, बिल्डरने योजना दुसऱ्याच्या गळ्यात घातली तर थकलेले भाडे कोण देणार, बुद्धविहाराची जागा नकाशात कुठे, हे सगळे लिहून घ्या. ‘विहार बांधून देऊ’ हे सभेत माइकवर बोललेले कोर्टात सिद्ध करताना घाम फुटतो.

भाड्याबाबत प्राधिकरणाने 2023 साली परिपत्रक काढले. बिल्डरने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करायचे आणि पुढच्या वर्षाचे धनादेश द्यायचे. ते जमा झाल्याचा पुरावा कमिटीने हातोडा पडण्याआधी मागावा, नंतर नव्हे. महारेरावर भिस्त ठेवू नका. तिथे विक्रीच्या इमारतीतला ग्राहक दाद मागतो. ज्याच्या झोपडीच्या जागेवर तो सारा इमला उभा राहतो, तो मात्र ग्राहक ठरत नाही!

आता कायद्याचे दोन हात बघा. 1971 च्या झोपडपट्टी कायद्यातले कलम 33 अडून बसलेल्या झोपडीधारकाला बाहेर काढते, पोलीस बंदोबस्तासह. कलम 13(2) रखडवणाऱ्या बिल्डरला बाहेर काढते. पहिला हात झटपट चालतो, दुसरा वर्षानुवर्षे लटकतो. मुंबईतल्या एका संस्थेने 2003 साली नेमलेला बिल्डर शिखर तक्रार निवारण समितीने 2021 साली काढला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. 30 जुलै 2024 रोजी यश डेव्हलपर्स विरुद्ध हरिहर कृपा संस्था या निकालात त्याची हकालपट्टी कायम झाली. म्हणजे एकवीस वर्षे! याच निकालात न्यायालयाने या कायद्याखालील सोळाशेंहून अधिक प्रलंबित प्रकरणांची नोंद घेतली आणि कायदा प्रत्यक्षात कसा चालतो, याची तपासणी करण्यास मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले.

हा निकाल प्रत्येक कमिटीच्या फाइलीत असावा. कारण 13(2) चा अर्ज घोषणांवर नव्हे, तारखांवर टिकतो. आशयपत्र कधी मिळाले, काम कधी थांबले, भाडे कोणत्या महिन्यापासून बंद झाले? सभेचे इतिवृत्त अध्यक्षाच्या घरी कुलपात नको, त्याची प्रत प्रत्येक सभासदाकडे हवी. आशयपत्र आणि मंजूर नकाशे कमिटी दाखवत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात.