आधी खोली, मग पंप

बाळंतपणाची रजा संपत आली की ओळखीच्या मुलींचा एकच प्रश्न येतो: "ताई, ब्रेस्ट पंप कुठला घेऊ?"

थोडक्यात सांगते. कधीतरीच लागणार असेल तर हाताने दाबायचा पुरतो. रोज आठ-नऊ तास बाळापासून लांब राहणार असाल, तर दोन्ही बाजूंचं दूध एकदम काढणारा इलेक्ट्रिक घ्या, वेळ वाचतो. चार्जिंगचा असावा. कप आपल्या मापाचा हवा, नाहीतर दुखतं आणि दूधही कमी येतं. दुसरीचा वापरलेला नको.

आता माझा प्रश्न. तो लावणार कुठे?

2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा त्याला पाजण्यासाठी कामातून वेळ मिळायला हवा, हेही कायद्यात आहे. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. पण हे सगळं बाळ जवळ आहे असं धरून. बाळ गावात आजीपाशी आणि आई तालुक्याला नोकरीवर, तिचं काय?

तिच्या वाट्याला बाथरूम येतं. जिथे आपण जेवणाचा डबा उघडणार नाही, तिथे तिने बाळाचं जेवण काढायचं. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाहेर 25 अंशांपर्यंत फार तर चार तास. आपल्याकडचा मे महिना आठवा.

डिसेंबर 2022 मध्ये आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. दोन महिन्यांनी मुंबईत त्याच नावाच्या कक्षातली धूळ आणि गैरसोय त्यांना जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. आमदाराची ही गत, तर शाळेतल्या शिक्षिकेची, पतपेढीतल्या क्लार्कची, बी.एड. करणाऱ्या मुलीची काय सांगायची?

मागणं मोठं नाही. आतून कडी लागणारी खोली, खुर्ची, प्लग, बेसिन, फ्रिजचा एक कप्पा. पंपाचे पैसे ती स्वतःच भरतेय, निदान जागा तरी द्या.

आणि मुलींनो, रजेवर जातानाच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मुख्याध्यापक, मॅनेजर, प्राचार्य वाचत असतील तर त्यांनी अर्जाची वाट बघू नये. गडाचे दरवाजे बंद होते म्हणून हिरकणीला कडा उतरावा लागला. तिचं नाव पाटीवर लिहून भागत नाही, दार उघडावं लागतं.